यादी वाचणारी माणसं

४ जून २०२४ रोजी मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघाची मोजणी गोरेगावच्या नेस्को संकुलात झाली. मतदान यंत्रांतला हिशेब असा होता: अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर ४,५१,०९४. जोगेश्वरी पूर्व, दिंडोशी, गोरेगाव, वर्सोवा, अंधेरी पश्चिम आणि अंधेरी पूर्व या सहा विधानसभा क्षेत्रांत लाखो माणसं उन्हातान्हात रांगा लावून मत देऊन आली आणि यंत्रांनी एका मताचा फरक दाखवला. टपाली मतांत वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१ मतं होती. बेरीज झाली आणि विरोधी आघाडीचे उमेदवार कीर्तिकर ४८ मतांनी पडले.

या ४८ मतांवर पुढे पुष्कळ बोललं गेलं. फेरमोजणी, मोजणी केंद्रातला मोबाइल, बाद टपाली मतपत्रिका असे वाद झाले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. बनावट मतदानाची ३३३ मतं याचिकेच्या केंद्रस्थानी होती. डिसेंबर २०२४ मध्ये याचिका फेटाळली गेली. त्या वादात मी इथे शिरत नाही. माझं लक्ष टपाली मतांतल्या ४९ च्या फरकाकडे आहे, कारण विरोधी पक्षाने निवडणुकीची तयारी कशी करावी याचं उत्तर मला त्या आकड्यात दिसतं.

टपाली मत कोण देतं? निवडणुकीच्या कामावर असलेले कर्मचारी आणि सैन्यातले जवान देतात. लोकसभेला २०२४ पासून ८५ वर्षांपुढचे वृद्ध आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेले मतदार घरून मत देऊ शकतात. त्यासाठी अधिसूचना निघाल्यावर पाच दिवसांच्या आत बारा-डी नावाचा अर्ज भरावा लागतो. अंधेरीतल्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आजींना हा अर्ज आहे हेच ठाऊक नसतं. वर्षभर त्या घराची पायरी चढलेल्या माणसाला आजी तिथे आहेत हे माहीत असतं. उमेदवाराला ते माहीत नसतं, वॉर रूमला नसतं, सर्वेक्षण करणाऱ्या कंपनीला तर नसतंच. अशी पन्नास घरं सहा मतदारसंघांत मिळून सापडली असती तर निकाल बदलला असता का, हे सांगता येणार नाही, कारण आजी कोणाला मत देतील हे त्याच ठरवणार. पण ज्या पक्षाच्या हाती सत्ता नाही, सरकारी यंत्रणा नाही, पैसाही तुलनेने कमी आहे, त्याच्यापाशी उरतं काय? अशी पायरी चढणारी माणसं.

माझं म्हणणं थोडक्यात मांडतो. विरोधी पक्षात हल्ली दोन तट दिसतात. एक म्हणतो, लोकांची कामं करा, मतं आपोआप येतील. दुसरा म्हणतो, कामं कोण बघतो, बूथ सांभाळा, यादी सांभाळा, आकडे जुळवा. हे दोन्ही तट एकच चूक करतात. वस्तीतलं काम आणि मतदार यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं ते धरून चालतात. उपनगरात तरी त्या वेगळ्या नाहीत. यादी वाचायला माणसं ओळखावी लागतात, आणि माणसं ओळखायला त्यांच्या नळाचं, रेशनचं, शाळेच्या दाखल्याचं काम केलेलं असावं लागतं.

याचा पहिला धडा गोरेगावने घालून दिला आहे. बृहन्मुंबईची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत आली, १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. नव्याने आत आलेल्या या गावांना महापालिका मिळाली, पण पाणी मिळालं नाही. मृणाल गोरे १९६१ मध्ये महापालिकेवर निवडून गेल्या तेव्हा काँग्रेसचं बळ अफाट होतं आणि समाजवादी पक्षाकडे साधनांच्या नावाने फारसं काही नव्हतं. नळासाठी बायकांना हंडे-कळशा घेऊन पालिकेच्या दारात नेणं हा त्यांचा प्रचार होता आणि तीच त्यांची संघटना होती. १९७२ मध्ये त्या विधानसभेत गेल्या. त्याच काळात अहिल्या रांगणेकर आणि इतर स्त्री-नेत्यांबरोबर महागाईविरोधात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. आणीबाणीत तुरुंगात गेल्या आणि १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेत पोहोचल्या. मोर्चाला आलेल्या बाईचं घर, तिची चाळ, तिचा नवरा कुठल्या गिरणीत किंवा कारखान्यात आहे हे कार्यकर्त्यांना तोंडपाठ असे. त्यामुळे मतदानाच्या दिवशी घराघरांत कोणाला हाक मारायची हे वेगळं शिकवावं लागलं नाही.

त्याच गोरेगावात दुसऱ्या टोकाच्या विचारांचे राम नाईक काम करत होते. १९६४ मध्ये त्यांनी गोरेगाव प्रवासी संघ उभा केला. लोकल वेळेवर येत नाही, डबे कमी आहेत, फलाटावर पाणी नाही, या गोष्टी कोणत्याही विचारधारेच्या नसतात. पण रोज सकाळी ८ च्या लोकलला उभा राहणारा कारकून त्या संघाच्या कार्यकर्त्याला नावाने ओळखू लागला. १९७८ मध्ये नाईक बोरिवलीतून आमदार झाले, तीनदा निवडून आले, आणि १९८९ पासून सलग पाच वेळा उत्तर मुंबईचे खासदार राहिले. आपण काय केलं याचा छापील अहवाल ते दर वर्षी मतदारांपुढे ठेवत. आज ज्या भाजपला उपनगरात हरवणं अशक्य आहे असं विरोधक म्हणतात, त्याची मुळं अशा प्रवासी संघात आणि सोसायट्यांच्या पत्रव्यवहारात आहेत. तेव्हा तो पक्ष विरोधात होता आणि त्याच्याकडे वेळच वेळ होता. विरोधी पक्षाला मिळणारी एकमेव भरपूर गोष्ट म्हणजे वेळ, आणि तीच सगळ्यात जास्त वाया जाते.

आता कामाची बाजू घेणाऱ्यांना न आवडणारी गोष्ट. समाजवाद्यांनी गोरेगावात इतकं केलं, पुढे नागरी निवारा परिषदेतून दिंडोशीला सामान्य माणसांसाठी हजारो घरं उभी केली, तरी १९९० मध्ये गोरेगाव विधानसभा शिवसेनेच्या सुभाष देसाईंकडे गेली आणि समाजवाद्यांचा तिथला पाया पुन्हा उभा राहिला नाही. काम कमी पडलं असं कोणी म्हणू शकणार नाही. कमी पडली ती शिडी. मृणालताईंच्या मागे काम करणारी बाई पक्षात कोणत्या पायरीवर आहे, तिच्या वर कोण, खाली कोण, ती आजारी पडली तर तिची गल्ली कोण बघणार, याची रचना नव्हती. शिवसेनेकडे ती होती: गटप्रमुख, उपशाखाप्रमुख, शाखाप्रमुख, विभागप्रमुख. शाखेचं दार संध्याकाळी उघडं असे आणि तिथे कोणीतरी बसलेलं असे. भांडणापासून रुग्णवाहिकेपर्यंत सगळं तिथे येई. १९८५ मध्ये सेनेने महापालिका जिंकली आणि १९९७ ते २०२२ सलग सत्ता सांभाळली ती या शिडीच्या बळावर. त्या शाखांनी कोणाकोणाला धाक दाखवला, परप्रांतीयांशी कसं वागल्या, हे मी विसरलेलो नाही आणि त्याकडे पुढे येतो. पण रचना म्हणून तिच्याइतकी बारीक वीण मुंबईत दुसऱ्या कोणी घातली नाही. भाजपचा पन्नाप्रमुख हा यादीच्या एका पानाचा धनी. कल्पना चांगली आहे, पण पानावरच्या तीसेक माणसांना तो ओळखत नसेल तर पान पानच राहतं.

यादीवाचन कसं चालतं ते पाहायला कोणत्याही शाखेत किंवा पक्ष कार्यालयात जावं. लांब टेबल, त्यावर विधानसभेच्या यादी भागाच्या छापील प्रती, एक फूटपट्टी, लाल आणि निळं बॉलपेन. एक जण इमारतीचं नाव आणि अनुक्रमांक मोठ्याने वाचतो. बाकीचे उत्तर देतात. ‘ही वारली, गेल्या शिमग्याला.’ ‘हा दुबार आहे, पलीकडच्या भागातही याचं नाव आहे, तिथे आडनाव आधी लिहिलंय.’ ‘ही मुलगी लग्न होऊन डोंबिवलीला गेली, पण माहेरी मत द्यायला येते म्हणाली, तिचा नंबर घेऊन ठेव.’ टेबलाभोवती बायका नसतील तर हे वाचन निम्मं अडखळतं, कारण कोणत्या घरात कोण आलं-गेलं हे बायकांना नेमकं ठाऊक असतं. एका यादी भागात हजार-बाराशे नावं असतात. ओळखणारी चार माणसं असली तर दोन रात्रींत एक भाग वाचून होतो. ओळखणारं कोणीच नसेल तर महिना घालवूनही तो वाचून होत नाही.

आणि ओळखणारी माणसं कमी होत चालली आहेत, याचं मोठं कारण राजकारणाबाहेरचं आहे. घाटकोपर, विक्रोळी, गोरेगाव, अंधेरी, जिथे बघावं तिथे पुनर्विकास चालू आहे. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरसारखी अख्खी वस्ती भाडं घेऊन बाहेर पडते. कोणी मानखुर्दला, कोणी कल्याणला, कोणी नालासोपाऱ्याला जातं. म्हाडाच्या जुन्या वसाहतींतली कुटुंबं तीन वर्षांसाठी म्हणून जातात आणि सहा वर्षांनी परततात. नाव जुन्या पत्त्यावरच असतं. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी घरी येतो तेव्हा तिथे पत्र्याचं कुंपण आणि क्रेन असते. नाव उडतं किंवा तसंच राहतं आणि त्यावर दुसरंच कोणी मत देऊन जातं. विखुरलेल्या या माणसांचे फोन नंबर कोणाकडे असतात? बिल्डरकडे आणि भाड्याच्या चेकसाठी धावपळ करणाऱ्या समितीकडे. विरोधी पक्षाचा कार्यकर्ता त्या समितीत असेल, थकलेल्या भाड्यासाठी भांडत असेल, तर पूर्ण वस्तीचा ठावठिकाणा त्याच्या वहीत असतो. नसेल तर निवडणुकीच्या तोंडावर कितीही पैसा ओतला तरी ती वही विकत मिळत नाही.

महापालिकेच्या ताज्या निवडणुकीने हे अधिकच कठोरपणे दाखवलं. ७ मार्च २०२२ रोजी नगरसेवकांची मुदत संपली आणि १५ जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत मुंबईला नगरसेवकच नव्हता. प्रशासकाच्या हाती कारभार, निधी सत्ताधारी आमदारांकडेच जातो अशी विरोधी आमदारांची सततची तक्रार. तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन मुलुंडचा माणूस टी विभाग कार्यालयात आणि बोरिवलीचा आर-मध्य विभागात एकटाच उभा राही. विरोधी पक्षासाठी ही चालून आलेली संधी होती. नगरसेवक नाही तर आम्ही आहोत, असं म्हणून प्रत्येक विभाग कार्यालयाबाहेर टेबल मांडता आलं असतं, आणि त्या टेबलावरून जमलेली नावं-पत्ते पुढे यादीच्या कामी आले असते. काही जुन्या शाखाप्रमुखांनी हे केलं, मनापासून केलं. पक्ष म्हणून कोणी केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. सगळ्यांचं लक्ष पक्षातली फूट, चिन्ह, न्यायालय यात गुंतलं होतं. ते समजण्यासारखं आहे, पण गटाराचं पाणी निकालाची वाट पाहत थांबत नाही.

त्यातच प्रभाग बदलत राहिले. २२७ चे २३६ केले गेले, सरकार बदलल्यावर पुन्हा २२७ झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये आरक्षणाची सोडत निघाली, निम्म्या जागा महिलांसाठी गेल्या आणि वर्षानुवर्षं एका प्रभागात खपलेला इच्छुक एका दुपारीत बाहेर पडला. मग त्याच्या पत्नीचं नाव पुढे येतं. यादी वाचणारी बाई टेबलाभोवतीच बसलेली असते, तिला कोणी विचारत नाही. सोडत कशीही निघाली तरी प्रत्येक वस्तीत लढू शकेल अशी एक स्त्री कार्यकर्ती तयार असणं हीच या अनिश्चिततेवरची खरी तयारी आहे. तीच गोष्ट हद्दींची. ज्यांनी आपल्या नोंदी इमारतवार ठेवल्या त्यांना हद्द सरकल्याचा त्रास झाला नाही. ज्यांनी प्रभागवार ठेवल्या त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

सर्वांत महत्त्वाची तारीख मात्र १ जुलै २०२५ ही होती. पालिकेची यादी वेगळी बनत नाही. राज्य निवडणूक आयोग विधानसभेची यादी एका ठरलेल्या तारखेला जशी असेल तशी घेतो आणि प्रभागांत फोडतो. या वेळी ती तारीख १ जुलै होती. त्यानंतर ज्याने नाव नोंदवलं त्याला जानेवारीत मत नव्हतं. नोव्हेंबरमध्ये प्रारूप यादी आली, तिच्यात ११ लाखांच्या आसपास दुबार नोंदी निघाल्या आणि गदारोळ झाला. त्याआधी १ नोव्हेंबरला विरोधी पक्षांनी एकत्र येऊन सत्याचा मोर्चा काढला होता. तो मोर्चा निघणं आवश्यक होतं असं मी मानतो. याद्या इतक्या सदोष असतील तर त्यावर मोठ्याने बोलायलाच हवं, आणि याद्या शुद्ध ठेवणं ही आयोगाची जबाबदारी आहे, ती कोणत्याही पक्षावर ढकलता येणार नाही. पण नाव घालण्याचा फॉर्म ६, नावावर हरकत घेण्याचा फॉर्म ७, पत्ता बदलण्याचा फॉर्म ८ हे सगळं जूनपर्यंत करायचं होतं. पावसाळ्याआधी. त्या महिन्यांत यादीचं टेबल कुठे मांडलं होतं?

अंधेरी पूर्वेची कथा इथे सांगायलाच हवी. आमदार रमेश लटके यांच्या निधनानंतर ३ नोव्हेंबर २०२२ रोजी तिथे पोटनिवडणूक झाली. महिनाभरापूर्वी शिवसेनेचं नाव आणि धनुष्यबाण गोठवला गेला होता, उद्धव ठाकरेंच्या गटाच्या हाती नवं नाव आणि नवी मशाल. भाजपने उमेदवारी मागे घेतली आणि या गटाच्या ऋतुजा लटके ६६,५३० मतं मिळवून जिंकल्या. दुसऱ्या क्रमांकावर १२,८०६ मतांचा ‘नोटा’ होता. मतदान ३२ टक्क्यांच्याही खाली राहिलं. विजयाचे गुलाल उधळले गेले. दोन वर्षांनी त्याच मतदारसंघात लटके यांना ६८ हजारांच्या आसपास मतं पडली आणि सत्ताधारी आघाडीचे मुरजी पटेल २५ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. म्हणजे लटके यांची मतं फारशी हलली नाहीत, समोरच्याने नवी जमवली. समोर खरा प्रतिस्पर्धी नसताना मिळालेल्या विजयाने संघटनेची झीज झाकली गेली. पोटनिवडणुकीत घरी बसलेले ते ६८ टक्के कोण होते, कुठल्या सोसायट्यांतले, कुठल्या झोपडपट्ट्यांतले, हा प्रश्न २०२२ च्या डिसेंबरात विचारला गेला असता तर त्यावर दोन वर्षं काम करता आलं असतं.

याउलट त्याच नोव्हेंबर २०२४ मध्ये शेजारच्या जोगेश्वरी पूर्वेत विरोधी आघाडीचे अनंत नर १,५४१ मतांनी आणि वर्सोव्यात त्याच आघाडीचे हरून खान १,६०० मतांनी जिंकले, तेही राज्यभर विरोधी आघाडीची धूळधाण होत असताना. दोन्ही ठिकाणी लाट विरोधातच होती. एवढ्या कमी फरकाची निवडणूक केवळ सभांवर जिंकता येत नाही. जोगेश्वरीतल्या जुन्या शाखांची वीण आणि वर्सोव्यातल्या मुस्लिम मोहल्ल्यांशी, कोळीवाड्याशी जोडलेला संबंध यांचा त्यात वाटा आहे असं माझं मत आहे.

मतदानाच्या दिवसाकडे येऊ. पोलिंग एजंट हा शब्द ऐकला की आतल्या खुर्चीत बसून कंटाळलेला पोरगा डोळ्यांपुढे येतो. कायद्याने त्याला दिलेलं काम मात्र मोठं आहे. मतदान सुरू होण्याआधी नव्वद मिनिटं त्याने हजर राहून मॉक पोल पाहायचा. शेवटी यंत्रात किती मतं पडली याची सही केलेली १७-सी ची प्रत घ्यायची. आणि मधल्या अकरा तासांत, समोर आलेला माणूस नावाप्रमाणे तोच आहे का, हे पाहायचं. शंका आली तर दोन रुपये भरून त्या मताला आव्हान देता येतं, केंद्राध्यक्षाला तिथल्या तिथे चौकशी करावी लागते. दोन रुपये कोणत्याही पक्षाला परवडतात. परवडत नाही ते ओळखणं. बाहेरून आणलेला, दिवसाच्या भत्त्यावर बसवलेला एजंट चेहऱ्याकडे पाहून काय सांगणार? त्या गल्लीत वाढलेली बाई मात्र क्षणात म्हणेल, हे ते सावंत नव्हेत, सावंतांना मी रोज दूध घेताना बघते. न्यायालयात नंतर ३३३ मतांवर वाद घालणं फार अवघड असतं, कारण निकालावर परिणाम झाला हे सिद्ध करायची जबाबदारी याचिकाकर्त्यावर असते. ती मतं पडत असताना हरकत घेणं सोपं होतं, पण तिथे बसलेल्या माणसाला चेहरे ठाऊक असायला हवे होते.

हीच ओळख धाकही बनू शकते, आणि मुंबईने ते पाहिलं आहे. कोण कुठे राहतो, कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, कोणाला मत देतो, हे सगळं ज्याच्या वहीत आहे तो उद्या गठ्ठ्याने फॉर्म ७ भरून मालवणीतली किंवा जोगेश्वरीतली खरी नावं उडवायलाही निघेल. खोटी हरकत घेणं गुन्हा आहे, पण गुन्हा नोंदवायला कोण जातं? म्हणून यादीवर लढणाऱ्या विरोधी पक्षाने दुबार नावावर बोट ठेवताना उडालेल्या खऱ्या नावासाठीही तितक्याच जोराने भांडलं पाहिजे, मग ते नाव आपल्या मतदाराचं असो वा नसो. हे नीतीचं बोलणं झालं, पण त्यात व्यवहारही आहे. ज्या घरातलं उडालेलं नाव तुम्ही परत आणलं, ते घर तुम्हाला दार उघडतं.

बोरिवलीत आणि मुलुंडमध्ये विरोधकांनी दारं ठोठावणंच सोडून दिलं आहे. २०२४ मध्ये पीयूष गोयल उत्तर मुंबईतून साडेतीन लाखांहून अधिक मतांनी जिंकले, आणि तिथे काही होणार नाही हे आधीच ठरल्यासारखं होतं. मुलुंडमध्ये मराठी बाईला जागा नाकारली की नेते येतात, कॅमेरे येतात, दोन दिवसांत निघून जातात. सोसायटीच्या कन्व्हेयन्सचं, पार्किंगचं, वाढीव मालमत्ता कराचं काम घेऊन वर्षभर कोणी येत नाही. गुजराती मतदार आपला नाहीच, हे गृहीत धरलेलं आहे. राम नाईकांना लोकलमधल्या प्रवाशाची भाषा विचारावी लागली नव्हती.

जानेवारी २०२६ च्या निकालात भाजपला ८९ आणि उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेला ६५ जागा मिळाल्या. पंचवीस वर्षं सत्तेत राहिलेला पक्ष महापालिकेत विरोधी बाकांवर बसला आहे. सत्ता नसताना शाखेचं दार संध्याकाळी उघडं ठेवायला पैसे कुठून येणार, हा खरा अडचणीचा प्रश्न आहे आणि त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. त्याहून अवघड प्रश्न तिकिटाचा. वर्षानुवर्षं यादी वाचणाऱ्या गटप्रमुखाला डावलून काल पक्षात आलेल्याला उमेदवारी दिली जाते, तेव्हा टेबलाभोवतीची माणसं पुढच्या वेळी येत नाहीत आणि आपल्या वह्याही घेऊन जातात. म्हणून अंधेरी पूर्वेत पुढचा उमेदवार कोण, याची चर्चा आत्ताच करू नये. प्रत्येक यादी भागाला कोणाचं नाव जोडलेलं आहे, ती व्यक्ती त्याच भागात राहते का, गेल्या महिन्यात ती किती दारांवर गेली आणि त्यातली किती उघडली, हे वरिष्ठांनी विभागप्रमुखाला विचारावं. उत्तर येत नसेल तर विभागप्रमुख बदलावा, आणि नवा नेमताना आधी त्या टेबलाभोवती बसलेल्या बायकांकडे पाहावं.